ब्रेकबाईंच्या बरगड्या

माणूस ओळखायचा असेल तर तो गाडी कशी लावतो ते बघावं, असं ब्रेकबाईंचं ठाम मत होतं. तशी त्यांची सगळीच मतं ठाम असायची. भाडेकरू ठेवायचा असो, दातांचा डॉक्टर निवडायचा असो, बाई आधी खिडकीत उभ्या राहायच्या. एका दमात सरळ गाडी लावली, की माणूस पास. मागे-पुढे, मागे-पुढे करत बसला, तर त्याने जिना चढायचे कष्ट घेऊ नयेत. याच न्यायाने होणाऱ्या जावयाला त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा तो बिचारा बसने आला, म्हणून लग्न जमलं.

बाईंची गाडी शिकवायची शाळा होती. गेली तीस वर्षं त्या शिकवणाऱ्याच्या सीटवर बसत होत्या, आणि त्या सीटसमोर, पायाशी, त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता. तो त्या इतक्या वेळा दाबायच्या की विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच ब्रेकबाई ठेवलं. हे नाव बाईंना ठाऊक नाही, अशी विद्यार्थ्यांची भाबडी समजूत होती. बाईंनीही कुणाला सोडलं नव्हतं. 'अर्धा क्लच', 'भोंगा', 'झोपलेला इंडिकेटर' अशी नावं देऊन त्यांनी अर्ध्या गावाचं बारसं केलं होतं. पायाची सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की घरी सोफ्यावर बसल्या असतानाही कुणी लांबण लावली की त्यांचा पाय जमिनीवर दाबला जाई. नवऱ्याला तो पाय दिसला की ते वाक्य अर्धवट सोडून देत. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांना नकाशे शिकवले, पण गाडी कधी चालवली नाही. लग्नानंतर बाईंनी त्यांना आठवडाभर शिकवलं होतं. आठवड्याच्या शेवटी मास्तर म्हणाले, "गाडी नाहीतर संसार, दोन्हीतलं एकच टिकेल असं दिसतंय." आणि त्यांनी संसार निवडला.

तर अशा या बाईंच्या छातीवर एक गाठ आली.

छातीशी बाईंचं जुनं भांडण होतं. तेरा वर्षांपूर्वी तिथे कर्करोग निघाला होता. तो काढला, वर काही आठवडे किरणांचे शेक दिले, आणि बाई खडखडीत बऱ्या होऊन पुन्हा आपल्या सीटवर येऊन बसल्या. किरण पडले होते तिथली कातडी तेवढी काळपट आणि ताठ राहिली. आता त्याच ताठ कातडीखाली, बरगड्यांवर, वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागू लागलं.

बाईंनी निदान करायला क्षणही लावला नाही. सीटचा पट्टा बरोब्बर तिथूनच जातो. पोरं गचके देतात, पट्टा घासतो, मग गाठ येणार नाहीतर काय येणार? त्यांनी पट्ट्याला एक छोटी उशी शिवली. गाठ लिंबाएवढी झाली. बाईंनी उशी जाड केली. गाठ वाढत गेली तशी उशीही वाढत गेली, आणि शेवटी बाई छातीशी तान्हं मूल धरून बसल्यासारख्या दिसू लागल्या. एका नव्या पोराने तर विचारलंच, "मॅडम, बाळ कुणाचं?" त्याला त्या दिवशी चढावर गाडी उभी करून परत सुरू करण्याचा सराव फार वेळ करावा लागला.

मास्तर रोज म्हणायचे, "अगं, एकदा दाखवून तर ये." बाईंचा पाय जमिनीवर दाबला जायचा. शेवटी मास्तरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. गाडीची किल्ली लपवली. "डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलीस की मिळेल," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पेपर उलटा होता, पण माणूस हलला नाही. बाईंना इतका धक्का बसला की त्या मुकाट बसने गेल्या.

किरण देणाऱ्या डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी गाठीवर बोटं ठेवली आणि चाललेल्या गप्पा थांबवल्या. सुई घातली, तुकडा तपासायला पाठवला, आणि अहवाल आल्यावर दोघा नवरा-बायकोंना समोर बसवलं.

"जुना आजार परत आलेला नाही," त्या म्हणाल्या. "ही नवी गाठ आहे. जातच वेगळी. सार्कोमा म्हणतात. फार क्वचित होते. जिथे किरण दिले, तिथेच, खूप वर्षांनी."

"म्हणजे तुम्ही दिलेली?" बाईंनी विचारलं.

म्हातारीने चष्मा काढून पुसला. "हो. माझ्याच किरणांनी झालेली. हजारात एखाद्याला होते."

"हजारात एक!" बाई म्हणाल्या. "जन्मात कधी माझा कशात नंबर लागला नाही, तो इथे लागला."

त्या जागेला पुन्हा तसे भरपूर किरण देता येणार नव्हते. औषधांचाही या जातीवर फारसा इलाज नव्हता. गाठ आजूबाजूच्या भागासकट कापून काढायची, हा एकच खरा रस्ता. आणि छातीच्या भिंतीची असली कामं मनापासून करणारा एक माणूस डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा होता.

त्या माणसाच्या खोलीत बाई शिरल्या, आणि तो ताडकन उठून उभा राहिला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण उभं राहायची ती घाबरट तऱ्हा बाईंनी लगेच ओळखली.

"सुरक्षित अंतर!" त्या ओरडल्या.

शिकत असताना हा मुलगा पुढच्या गाडीपासून इतका मागे राहायचा की मधल्या जागेत दुसऱ्या गाड्या घुसायच्या. मग त्यांच्यापासून अंतर ठेवायला हा आणखी मागे पडायचा. तास संपायचा तेव्हा आम्ही निघालो त्याच्याही मागे असायचो, असं बाई सांगत. परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्या वेळी परीक्षकाला घरी जायची घाई होती.

"बसा मॅडम," सुरक्षित अंतर म्हणाला, आणि बाई बसेपर्यंत स्वतः उभाच राहिला. मग त्याने चित्रं दाखवत समजावून सांगितलं. गाठीच्या चहूबाजूंनी भरपूर जागा सोडून कापायचं. तीन बरगड्या जातील, छातीच्या मधल्या हाडाचा तुकडा जाईल, वरचं मांस आणि किरण लागलेली कातडी जाईल. आत हात घातल्यावर गरज दिसली, तर आणखीही काढावं लागेल.

"मग काय उरेल? भोक?"

"भोक नाही. तिथे जाळी आणि हाडांच्या सिमेंटची पाटी बसवायची. नाहीतर श्वास घेताना छाती आत ओढली जाईल. त्यावर तुमच्या पाठीचा एक मोठा स्नायू कातडीसकट काखेखालून फिरवून पुढे आणायचा. किरण लागलेली जागा आपली आपण नीट भरत नाही, तिला ताजं मांस लागतं."

"म्हणजे यू टर्न."

"हो मॅडम, तसंच म्हणा."

"तुला यू टर्न कधीच जमला नव्हता," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी येईपर्यंत त्या बोलत होत्या. ज्याला चौकात वळता येत नाही तो माझ्या बरगड्यांत शिरणार! पुढची गाडी दिसली की ज्याच्या हाताला घाम सुटतो, त्याच्या हातात सुरी! मास्तर "हं" म्हणत राहिले. मग बाई अचानक गप्प झाल्या, आणि मास्तरांना ते त्यांच्या बोलण्याहून वाईट वाटलं.

बातमी कळताच नणंद धावत आली. ही मास्तरांची थोरली बहीण. सगळं आधीच माहीत असलेली बाई. "मी तेव्हाच म्हणाले होते, किरणं घेऊ नकोस," तिने पायातल्या चपलाही न काढता सुरुवात केली.

"वन्सं," ब्रेकबाई म्हणाल्या, "त्या किरणांमुळेच मी तेरा वर्षं तुमचं बोलणं ऐकायला जिवंत राहिले. त्यांना नावं ठेवू नका. ठेवायचीच असतील तर त्या कारणासाठी ठेवा."

पण नणंद नुसती बोलायला आली नव्हती. तिने एक दुसरा सर्जन शोधला होता. नवं कोरं रुग्णालय, काचेची दारं, आत शिरताच फुलांचा वास. दुसऱ्याच दिवशी तिघंही तिथे गेली. डॉक्टर यायचे होते. सवयीप्रमाणे बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली दोन गाड्यांच्या मधे जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा होती. एक लांबलचक गाडी आली, पुढे गेली, आणि एका हाताच्या वळणात, न थांबता, न चाचरता, उलटी येऊन त्या जागेत बसली. दोन्हीकडे एकेक वीत. बाईंच्या तोंडून "वा!" निघून गेला. तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याच्या वाट्याला तो "वा" आला नव्हता.

गाडीतून उतरले ते तेच डॉक्टर. बोलणंही तसंच, लोण्यासारखं. बाईंनी मनात त्यांचं नाव 'लोणी' ठेवलं, आणि हे त्यांनी कौतुकाने ठेवलेलं पहिलं नाव. "बरगड्या कशाला काढायच्या हो?" लोणी हसून म्हणाले. "गाठ आहे, गाठीपुरतं बघू. शेंगेतून दाणा काढतात तशी अलगद सोलून काढू. लहानसा छेद. चार दिवसांत घरी."

"ठरलं," बाई जिन्यातच म्हणाल्या.

"पण त्या दुसऱ्या डॉक्टरांनी..." मास्तर म्हणाले. बाईंचा पाय पायरीवर दाबला गेला. या वेळी मात्र मास्तर थांबले नाहीत. "त्यांनी इतकं सगळं काढायचं म्हटलं ते उगीच म्हटलं असेल का?"

"अहो, त्याला अंदाज नाही! कुठे किती जागा हे ज्याला कळत नाही तो सगळंच मोठं मागतो. यांनी गाडी कशी लावली ते बघितलंत ना?"

मास्तरांनी ते बघितलं होतं, पण त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं. त्या रात्री जेवताना त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि बाईंनी ती न बोलता खाल्ली. 'मला कसली भीती? तेरा वर्षं वरकड मिळाली, आणखी काय हवं!' हे वाक्य त्या दिवसातून कितीदा तरी म्हणत होत्या. शेजारणीला, विद्यार्थ्यांना, दूधवाल्याला. दूधवाल्याने तर विचारलंही नव्हतं.

सुरक्षित अंतराकडे सगळी चित्रं आणि तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या राहिल्या होत्या. त्या परत आणायला बाई एकट्याच गेल्या, शाळेच्या गाडीने. टपावर पाटी, मागे-पुढे 'शिकाऊ' लिहिलेलं. सुरक्षित अंतराने सगळं काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या डॉक्टरांबद्दल एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः गाडी चालवत आलात? पट्टा गाठीवरून जातो. एक गचका बसला तर आतल्या आत रक्त साकळेल. मी तुम्हाला असं जाऊ देणार नाही."

"मग कोण नेणार? तू?"

सुरक्षित अंतर पांढराफटक पडला. पण म्हणाला, "मी."

बाईंच्या अंगात शिक्षिका संचारली. इतक्या वर्षांनी विद्यार्थी सापडला होता. "चल. बघू तरी काय शिकलास." ती परीक्षाच होती, आणि निकाल बाईंनी आधीच लावून ठेवला होता.

रुग्णालयाच्या दारात त्याच्या हाताखालचे चार तरुण डॉक्टर चहा पीत उभे होते. आपले साहेब 'शिकाऊ' पाटीच्या गाडीत बसताहेत आणि शेजारी एक बाई त्यांना "आरसा! आरसा बघ आधी!" म्हणून ओरडतेय, हे बघून एकाच्या नाकातून चहा आला. सुरक्षित अंतराने मान खाली घातली, आरसा बघितला आणि गाडी काढली.

वीस वर्षांत काडीचा फरक नव्हता. पुढच्या टेम्पोत आणि त्यांच्यात एक बस मावली असती. मागून भोंगे सुरू झाले. एक मोटार रागाने बाजू काढून मधे घुसली. सुरक्षित अंतर मुकाट आणखी मागे सरकला.

"अरे, पुढे घे!" बाई म्हणाल्या. "मधे काय बाजार भरवायचाय? लोक शिव्या देताहेत!"

"देऊ देत मॅडम."

"एवढी जागा लागते कशाला?"

"माहीत नाही पुढचा काय करेल ते," तो म्हणाला. "मला दिसतं तेवढंच खरं असं मी धरत नाही."

बाई काहीतरी झणझणीत बोलणार होत्या, तेवढ्यात टेम्पो जागच्या जागी थांबला. त्याच्या पुढे एक कुत्रं आडवं आलं होतं. टेम्पोवर ती रागीट मोटार आदळली. पलीकडच्या रांगेत, चिकटून चाललेल्या गाड्या एकामागून एक एकमेकींना धडकल्या. काचा फुटल्या, लोक उतरून एकमेकांच्या आईबापांची चौकशी करू लागले. कुत्रं शांतपणे पलीकडे गेलं. आणि शाळेची गाडी, कुणाला कळूही न देता, हळूच उभी राहिली होती. पुढे अजून हातभर, नव्हे, चांगली खोलीभर जागा मोकळी होती.

बाईंनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. तो त्यांनी उचललाच नव्हता. जे तीस वर्षांत घडलं नव्हतं ते आज घडलं होतं, आणि तेही या मठ्ठाच्या गाडीत. पट्ट्याखालची गाठ जागच्या जागी होती. गचका बसलाच नव्हता.

बराच वेळ रस्ता मोकळा झाला नाही. बाई समोरच्या चेपलेल्या मोटारीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "गाठ कापताना किती जागा सोडतोस?"

"पुष्कळ, मॅडम. बाकीचे हसतात मला. पण ही जात लबाड असते. वरून गोल आणि नीटस दिसते, जणू शेंगेतला दाणा. खरं तर तिची मुळं डोळ्यांना दिसतात त्याच्या पलीकडे गेलेली असतात. जवळून कापलं तर पेशंट लवकर घरी जातो, खूश असतो. आणि मग वर्षाच्या आत परत येतो."

'शेंगेतला दाणा' हे शब्द बाईंनी याआधीही ऐकले होते. त्यांना लोण्यांची ती सुरेख लावलेली गाडी आठवली. दोन्हीकडे एकेक वीत. गाडी लावायला ते ठीक होतं. आपण काय करायला निघालो होतो हे त्यांना तेव्हा कळलं. ज्या कामात माणसाने जागा सोडायची, तिथे आपण जागा वाचवणारा निवडला होता. तीस वर्षं माणसं पारखली ती सगळी गाडी थांबल्यावर, हे त्यांना स्वतःशीसुद्धा कबूल करायला जड गेलं.

"करून टाक," त्या म्हणाल्या. "सही करते मी."

घर आलं. सुरक्षित अंतर गाडी लावू लागला. मागे-पुढे, मागे-पुढे. मास्तर खिडकीतून बघत होते. पाचव्या खेपेला मागच्या बाजूने खण्णकन आवाज झाला. दिव्याच्या खांबाला गाडीचा पार्श्वभाग लागला होता.

दोघंही उतरले. बाईंनी पोचा बघितला, डॉक्टरकडे बघितलं. गाडीबाहेर आल्यावर त्या पहिल्यांदाच अहो-जाहोवर आल्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पुढचं समजलं. पण माझ्या पाठीतनं मांस काढायचंय म्हणालात ना? मागचं तर तुम्हाला काही दिसत नाही."

"पाठीचं काम मी करत नाही," तो घाईने म्हणाला. "त्याला आमच्या प्लास्टिक सर्जरीच्या मॅडम आहेत."

"त्या गाडी चालवतात का?"

"नाही. त्या सायकलने येतात."

"मग हरकत नाही," बाई म्हणाल्या.

नणंदेला हे कळल्यावर ती आठवडाभर बोलली नाही, आणि घरात सगळ्यांनाच विश्रांती मिळाली. शस्त्रक्रियेच्या सकाळी बाईंना गाडीवर आडवं घालून नेत होते. ती ढकलणाऱ्या माणसाला त्यांनी वळणावर "हळू, बाहेरून घे," असं बजावलं. भूल देणाऱ्याला भीती कसली म्हणून सांगितलं. मास्तर दारापर्यंत बरोबर होते. दार बंद झालं तेव्हा बाईंचा पाय चादरीखाली दाबला गेला, एकदा, दोनदा, आणि गाडी काही थांबली नाही.

त्या जाग्या झाल्या तेव्हा घशात नळी होती, कुशीत नळ्या होत्या, आणि छातीवर कुणीतरी दगडी फरशी बसवली आहे असं वाटत होतं. एका अर्थी ते खरंच होतं. नळी निघाल्यावर श्वासाचे व्यायाम सुरू झाले. व्यायामवाली मुलगी तीन चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं घेऊन यायची. श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर चढवायचे. पहिले दोन दिवस एकही चेंडू हलला नाही. बाई त्यांच्यावर ओरडायला गेल्या, तर ओरडायलाही श्वास पुरेना. मग त्यांनी चेंडूंना मनातल्या मनात नावं ठेवली, तेव्हा कुठे एक जरासा उचलला. नवी छाती आत ओढली जात नव्हती. पाठीचं मांस पुढे येऊन गुलाबी, उबदार राहिलं होतं. सायकलवाल्या मॅडम रोज येऊन त्यावर बोट दाबून बघायच्या आणि खूश होऊन जायच्या. "पाठ पुढे आली," बाई कुजबुजल्या. "आता खाजवायचं कुठे?"

सगळे हसले. पण काढलेल्या भागाचा अहवाल यायचा होता. तो येईपर्यंत कशालाच अर्थ नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अहवाल आला त्या दुपारी सुरक्षित अंतर एकटाच आला. मास्तर पलंगाशी बसले होते. डॉक्टर दाराजवळच उभा राहिला.

"मॅडम, एक सांगायचंय. रागावू नका."

"रागवायला श्वास लागतो," बाई म्हणाल्या. "सध्या तो जपून वापरतेय. बोला."

"तीन बरगड्या काढायच्या ठरल्या होत्या. मी चार काढल्या."

बाईंनी श्वास जपून वापरायचं सोडून दिलं. "चार? कशाला? लागली तर काढ म्हटलं होतं, आवडली म्हणून नव्हे!"

"तीन काढल्या तेव्हा सगळं स्वच्छ दिसत होतं. सगळे म्हणाले, पुरे, बंद करा. सायकलवाल्या मॅडमसुद्धा म्हणाल्या, एवढं मोठं भोक मी भरू कशी? मला कारण सांगता येईना. पण जागा कमी वाटत होती." तो थांबला, हातातला कागद त्याने दुमडला, उघडला. "चौथ्या बरगडीला लागून, मांसात, एक कण सापडला. भिंगाखालीच दिसेल एवढा. आम्ही तीनवर थांबलो असतो तर तो आतच राहिला असता. त्याच्या पलीकडे सगळं स्वच्छ आहे. सगळ्या कडा स्वच्छ आहेत, मॅडम. गाठ पूर्ण निघाली."

बाईंनी हात जोडायला उचलले, पण एक हात नळ्यांत अडकला. मग त्यांनी तो एकच हात पुढे केला, आणि डॉक्टरने दोन्ही हातांनी तो धरला. वर्षातून दोनदा-तीनदा तपासायला यावं लागेल, लक्ष ठेवावं लागेल, असं काहीबाही तो सांगत राहिला. बाईंना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. बाहेर जाताना तो दरवाज्याच्या कडेला धडकला.

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

"अहो," बाईंनी हाक मारली. "इकडे या."

ते येऊन बसले.

"मला फार भीती वाटत होती हो," ब्रेकबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. मला मरायचं नव्हतं."

"ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार?" मास्तरांनी डोळे पुसले. "तू सगळ्या गावाला भीती नाही म्हणून सांगत सुटली होतीस. रात्री मात्र झोपेत माझा हात इतका घट्ट धरायचीस की सकाळी मला पेन धरता येत नव्हतं. म्हटलं, दिवसाचं तुझं तुला चालवू दे. रात्रीचं मी बघतो."

बाईंना रडू फुटलं, आणि रडताना छाती दुखली. मग त्यांना हसू आलं, त्याने आणखी दुखलं. दोन्ही थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मास्तरांनी टाक्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने हात पुढे केला, आणि बाईंनी तो भर दुपारी, नर्स बघत असताना, घट्ट धरला.